अर्ज, मुलाखत आणि झाडीपट्टी

ज्या महाविद्यालयाकडे जागांच्या कितीतरी पट पात्र उमेदवार येतात, ते निवडक महाविद्यालय. अशा ठिकाणी पात्र असणे पुरत नाही. पात्र असलेल्यांपैकी कोणाला घ्यायचे आणि कोणाला परत पाठवायचे, हा खरा प्रश्न असतो. तो सोडवण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत सर्वांना एकच प्रश्नपत्रिका देतात, गुणांच्या उतरत्या क्रमाने यादी लावतात आणि जागा संपतील तिथे रेघ ओढतात. दुसरीत गुणांच्या जोडीला अर्जातला मजकूर, शिफारसपत्रे, गटचर्चा, मुलाखत असे सगळे समोर ठेवून चारसहा जाणती माणसे ठरवतात. पहिल्या रीतीत चूक झाली तर ती प्रश्नपत्रिकेच्या माथी मारता येते. दुसरीत निर्णय माणसांचा असतो आणि त्याचे कारण सहसा लेखी मिळत नाही.

महाराष्ट्राच्या अंगवळणी पडली आहे ती पहिली रीत. नीट, एमएच-सीईटी आणि त्यानंतरच्या केंद्रीय प्रवेशफेऱ्या घराघरांत ठाऊक आहेत. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नागभीड तालुक्यात तर या रीतीचा धडा पाचवीतच मिळतो. चंद्रपूर जिल्ह्याचे जवाहर नवोदय विद्यालय याच तालुक्यात, तळोधी (बाळापूर) येथे आहे. सहावीच्या जास्तीत जास्त 80 जागांसाठी जिल्हाभरातली मुले बसतात. दोन तास, 80 प्रश्न, 100 गुण, आणि किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांना. मुलाला तोंडी कोणी काही विचारत नाही. पुढे हीच मुले पोलीस भरतीच्या तयारीला लागली की 1600 मीटर किती मिनिटांत पळाली ते घड्याळ सांगते. वनरक्षकाच्या भरतीत तर मुलांना 25 आणि मुलींना 16 किलोमीटर चालून दाखवावे लागते. नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरीच्या अभ्यासिकांत बसणाऱ्या मुलांचा विश्वास अशा मोजता येणाऱ्या गोष्टींवर असतो, आणि त्यात गैर काही नाही. मुलाखतीचे नाव काढले की मात्र त्यांच्या तोंडी पहिला शब्द येतो तो ‘सेटिंग’. अर्ज भरायला मदत करणाऱ्या शिक्षकाचे किंवा कार्यकर्त्याचे काम इथूनच सुरू होते: इथे सेटिंग नाही, पण घड्याळही नाही, हे पटवून देण्यापासून.

या भागातल्या विद्यार्थ्याची दुसऱ्या रीतीशी गाठ पडते ती मोजक्या दारांत. 1936 साली स्थापन झालेली मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, म्हणजे सगळ्यांच्या बोलण्यातली ‘टिस’, हे त्यातले सर्वांत ओळखीचे दार. तिथे वर्षानुवर्षे लेखी चाचणी आणि मुलाखत अशी जोडी होती. 2023 पासून पदव्युत्तर प्रवेशाचा पहिला टप्पा सीयूईटी-पीजी या केंद्रीय चाचणीवर गेला. बंगळूरूचे अझीम प्रेमजी विद्यापीठ चाचणीनंतर मुलाखत घेते आणि घरच्या परिस्थितीनुसार शिष्यवृत्ती देते. मुळशीजवळचे, 1997 साली सुरू झालेले महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज दहावी-अकरावीच्या वयाच्या मुलांना निबंध, गटातल्या कृती आणि मुलाखती यांतून पारखते. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने 2006 मध्ये सुरू केलेला ‘निर्माण’ हा उपक्रम महाविद्यालय नव्हे. पण भलामोठा अर्ज आणि त्यानंतर मुलाखत अशी त्याचीही रीत असल्याने या भागातल्या अनेकांना मुलाखतीची पहिली सवय तिथेच होते.

अर्जात सर्वांत जड जाते ते उद्देशपत्र. ‘हाच अभ्यासक्रम का’, ‘नेतृत्वाचा एखादा अनुभव लिहा’, ‘समाजासाठी काय केले’ असे प्रश्न असतात आणि प्रत्येकी दोनतीनशे शब्दांची मर्यादा. नागभीडकडून येणारा पहिला मसुदा बहुधा साचेबंद असतो. ‘मी एका गरीब शेतकरी कुटुंबात जन्मलो’ हे पहिले वाक्य, ‘मला समाजाची सेवा करायची आहे’ हे शेवटचे, आणि मधे एनएसएसच्या शिबिरात झाडे लावल्याचा उल्लेख. वाचणाऱ्याच्या टेबलावर असे अर्ज गठ्ठ्याने असतात. त्यातले एकही वाक्य खोटे नसते, पण एकाही वाक्यावरून हा उमेदवार त्या उमेदवारापासून वेगळा काढता येत नाही.

मार्गदर्शकाचे काम त्या दोन वाक्यांच्या मधली जागा भरून काढण्याचे. बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीचा नेतृत्वाचा रकाना कोरा होता. “सर, मी काही केलंच नाही ना,” एवढेच तिचे उत्तर. पावसाळ्यात काय करतेस, असे विचारल्यावर धानाच्या रोवणीला जाते म्हणाली. रोवणी हुंड्यावर होती: एकराचा दर ठरवून पंधरावीस बायांची टोळी बांधी रोवून देणार आणि पैसे नंतर वाटून घेणार. कोण सकाळी आली, कोण दुपारी लेकरासाठी घरी गेली, कोणाचा अर्धा दिवस धरायचा, हे कोण लिहीत होते? “मीच.” भांडण झाले तर? “वही दाखवत होती.” दोन हंगामांची ती शंभर पानी वही घरी होती. तिच्यात एका ठिकाणी गरोदर बाईची पूर्ण हजेरी धरलेली होती आणि समासात ‘सगळ्यांनी मिळून ठरवलं’ असे लिहिलेले होते. मजुरीची वाटणी, तंटा मिटवणे, गटाने केलेला अपवाद आणि त्याची नोंद, असे समाजकार्याच्या अभ्यासक्रमात सत्रभर शिकवले जाणारे पुष्कळ त्या वहीत होते. त्या मुलीला ते ‘अनुभव’ या सदरात मोडते असे वाटलेच नव्हते, कारण त्यावर कोणाचा शिक्का नव्हता.

हा प्रकार अपवादाचा नाही. तेंदूपत्त्याच्या हंगामात फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, 70 पानांचे पुडे मोजून नोंद ठेवणारा मुलगा असतो. मंडईच्या, म्हणजे गावजत्रांच्या, दिवसांत नाटककंपन्यांचे गाव वडसा गाठून झाडीपट्टीच्या नाटकाचे बुकिंग करणारी, कंपनीशी रक्कम ठरवणारी, तिकिटे खपवणारी आणि रात्रभराच्या प्रयोगानंतर सकाळी हिशेब मांडणारी गावातली पोरे असतात. नाटक तोट्यात गेले तर पदरचे भरायचेही तेच. शहरातल्या अर्जदाराने महाविद्यालयाच्या महोत्सवासाठी प्रायोजक मिळवले की ते व्यवस्थापनकौशल्य म्हणून नोंदले जाते, त्याच्याकडे प्रमाणपत्र असते. इकडचा पोरगा त्याच्याइतकेच, बहुधा जास्त जोखमीचे काम करून अर्जात ‘छंद : नाटक पाहणे’ असे लिहितो.

कागदावर न येणाऱ्या गुणवत्तेचे तालुक्यातले सर्वांत मोठे उदाहरण नांदेड या गावचे. दादाजी खोब्रागडे यांचे शिक्षण तिसरीपर्यंतचे. 1983 साली शेतातल्या ‘पटेल 3’ धानात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या, त्या त्यांनी बाजूला काढल्या, त्यांचे बी वेगळे पेरले आणि हंगामामागून हंगाम तेच करत राहिले. त्यातून निघालेले बारीक तांदळाचे वाण घड्याळाच्या नावावरून एचएमटी म्हणून देशभर गेले. 2018 साली ते वारले. निरीक्षण, चिकाटी, नोंद, प्रयोग असे संशोधनवृत्ती तपासणाऱ्या कोणत्याही अर्जातले रकाने त्यांना भरता आले असते, फक्त प्रत्येक रकान्यापुढच्या ‘पुरावा जोडा’ या सूचनेला जोडायला लोंबीखेरीज काही नव्हते.

शिफारसपत्रांबाबत फार लिहिण्यासारखे नाही. मोठ्या शहरातल्या महाविद्यालयांत प्राध्यापक ती विद्यार्थ्याला ओळखून, उदाहरणे देऊन लिहितात. तालुक्याच्या ठिकाणी पत्र म्हणजे ‘वर्तणूक चांगली आहे’ असा दाखला, तोही लेटरहेडवर विद्यार्थ्याने स्वतः टाइप करून आणलेला. अनुभवी वाचक अशा पत्राला शून्य वजन देतो. वाईट वाचक त्याचे वजन उणे धरतो, आणि तोटा होतो तो इथे.

मुलाखत हा सर्वांत ठळक टप्पा. टेबलापलीकडे दोन किंवा तीन जण, वेळ दहापंधरा मिनिटे. प्रश्न सहसा अवघड नसतात. अवघड असते ते पहिल्या दोन मिनिटांतले वातावरण. शहरी उमेदवार बोलताना विचार करतो. झाडीपट्टीतला उमेदवार आधी विचार करतो, मग बोलतो, आणि मधली शांतता समितीला उत्तर येत नसल्यासारखी वाटते. भाषेचा अडसर फक्त इंग्रजीचा नाही. अनेक संस्था हिंदीत किंवा मराठीत उत्तर द्यायची मुभा देतात, पण प्रमाण मराठीत बोलताना इकडच्या मुलाची जीभ ‘ण’ आणि ‘ळ’ यांच्यापाशी अडखळते, ‘पानी’ म्हटले जाईल या धास्तीने वाक्य तोडते. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीच्या अभ्यासात आयुष्य घातले. त्या बोलीला साहित्य आहे, संमेलने आहेत. मुलाखतीच्या खोलीत यातले काही पोहोचत नाही. एखाद्या सदस्याने ‘तुमच्याकडे कसं बोलतात तसंच बोला’ एवढे म्हटले तर उत्तराची लांबी दुप्पट होते, असा सराव मुलाखती घेणाऱ्यांचा अनुभव आहे.

करोनानंतर बऱ्याच मुलाखती ऑनलाइन झाल्या. मुंबईचे भाडे वाचले, हे खरेच मोठे आहे. नागपूर गाठायची सोयही त्याआधीच कमी झाली होती. नागभीड-नागपूर नॅरोगेज गाडी 2019 मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली आणि रस्त्याचाच आधार उरला. पण ऑनलाइनमध्ये गावातल्या नेटवर्कचा प्रश्न आला. तलावाच्या पाळीवर मोबाइल धरून दिलेल्या मुलाखतीत चेहरा थिजतो, आवाज मागेपुढे होतो, आणि उमेदवाराची अर्धी शक्ती ‘सर, आवाज येतोय का’ यातच जाते. समितीच्या नोंदीत याला वेगळा रकाना नसतो. ते ‘संवादकौशल्य’ यातच वजा होते.

आता टेबलाच्या पलीकडची बाजू. सदस्य पाचदहा निकषांवर गुण देतात: विषयाची समज, प्रेरणा, अनुभव, मांडणी. कागदावर हे निकष वेगवेगळे असले तरी मनात ते एकमेकांत मिसळतात. ज्याची मांडणी आवडली त्याची प्रेरणाही खरी वाटू लागते. मुलाखतीवर किती भिस्त ठेवावी याची एक नकळत झालेली परीक्षा अमेरिकेत टेक्सासच्या ह्यूस्टन येथील वैद्यकीय महाविद्यालयात झाली. 1979 साली तिथल्या विधिमंडळाने ऐनवेळी 50 जागा वाढवून दिल्या. तोवर चांगले उमेदवार इतरत्र गेलेले असल्याने, मुलाखतीनंतर ज्यांना आधी नाकारले होते त्यांच्यातूनच त्या भराव्या लागल्या. पुढे दोन्ही गटांची तुलना केली तेव्हा अभ्यासात, रुग्णालयातल्या कामात आणि त्यानंतरच्या प्रशिक्षणात म्हणण्याजोगा फरक सापडला नाही. समितीने हेरलेला फरक बव्हंशी समितीच्याच मनातला होता. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने या शतकाच्या सुरुवातीला वेगळा मार्ग काढला. एका लांब मुलाखतीऐवजी दहा छोट्या, प्रत्येकी आठ मिनिटांच्या, दर वेळी नवा परीक्षक आणि नवा प्रसंग. एका खोलीत जीभ अडखळली तरी पुढच्या खोलीत पाटी कोरी असते. इकडच्या मुलांसाठी याहून सोयीची व्यवस्था सुचवणे कठीण आहे. अडचण खर्चाची आणि दहा परीक्षक मिळवण्याची.

भारतात या प्रश्नाला कायद्याची चौकट मिळाली ती अजय हसिया खटल्यात. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात लेखी परीक्षेला 100 आणि तोंडीला 50 गुण होते. तोंडी परीक्षा दोनतीन मिनिटांत उरकली जाई, आणि विचारत काय, तर आईवडील कोण, राहता कुठे. न्या. भगवती यांनी लिहिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 1980 मध्ये तोंडी परीक्षा मुळात बेकायदा ठरवली नाही, पण तिला एकूण गुणांच्या 15 टक्क्यांहून जास्त वजन देणे मनमानीचे ठरेल असे म्हटले आणि मुलाखतीचे ध्वनिमुद्रण व्हावे अशी अपेक्षा व्यक्त केली. ध्वनिमुद्रणाची ती सूचना आज खिशातल्या मोबाइलवर अमलात येऊ शकते, तरी फार थोड्या ठिकाणी ती दिसते. पुढे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात वंचित गटांतल्या उमेदवारांना तोंडी परीक्षेत सातत्याने कमी गुण पडतात अशी तक्रार झाली, तेव्हा विद्यापीठाच्याच अब्दुल नाफे समितीने हे वजन 30 वरून 15 वर आणण्याची शिफारस केली. 2016 साली विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी एमफिल-पीएचडीसाठी लेखी परीक्षा फक्त पात्रतेपुरती ठेवून निवड पूर्णपणे मुलाखतीवर सोपवली. 2018 मध्ये ते 70-30 वर आणावे लागले.

मूल्ये मोजण्याचा प्रयत्न विदर्भात फार जवळ झालेला आहे. सेवाग्रामचे महात्मा गांधी इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस हे वैद्यकीय महाविद्यालय 1969 साली डॉ. सुशीला नायर यांनी उभे केले, आणि ‘नीट’ येईपर्यंत त्याच्या स्वतंत्र प्रवेशपरीक्षेत गांधीविचारांचा एक पेपर असे. खेड्यात काम करायला तयार असलेला डॉक्टर हवा, तर त्याची वृत्तीही पाहिली पाहिजे, हा त्यामागचा विचार सरळ होता. पण वृत्तीचा पेपर निघाला की त्याचीही तयारी करता येते. ज्याला विचार पटला होता आणि ज्याने तो पाठ केला होता, त्या दोघांच्या उत्तरपत्रिका वेगळ्या काढणे कोणालाच शक्य नव्हते. तरी त्या पेपरने एक काम केले: सेवाग्रामला येऊ पाहणाऱ्या मुलाला ही संस्था कशासाठी आहे ते आधी वाचावे लागे. ‘नीट’च्या यादीतून येणाऱ्याला ते वाचावे लागत नाही.

अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठांत ही दुसरी रीत पूर्ण विस्ताराने पाहायला मिळते. तिथल्या ‘व्यक्तिमत्त्वा’च्या निकषाचा जन्म काही उदात्त हेतूने झालेला नाही. 1920 च्या दशकात हार्वर्डमध्ये गुणांवर येणाऱ्या ज्यू विद्यार्थ्यांची संख्या वाढली, ती आवरण्यासाठी चारित्र्य, पार्श्वभूमी असे निकष पुढे आले. शतकभराने आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांच्या वतीने खटला झाला. 2018 मधल्या सुनावणीत अंतर्गत कागद बाहेर आले आणि 42 हजारांहून अधिक अर्जांतून सुमारे 2 हजार कसे निवडतात हे जगाला दिसले. अभ्यास, अभ्यासेतर उपक्रम, खेळ आणि व्यक्तिमत्त्व यांना वेगवेगळे गुणांकन असते, आणि व्यक्तिमत्त्वाच्या गुणांकनात आशियाई वंशाचे विद्यार्थी मागे पडत होते. जून 2023 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंश विचारात घेण्याची पद्धत रद्द केली. याच कागदांत एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी होती. प्रत्येक भूभागाचे अर्ज आधी त्या भागाची जबाबदारी असलेला अधिकारी वाचतो. त्याला तिथल्या शाळा ठाऊक असतात, तिथे कोणत्या सोयी आहेत आणि कोणत्या नाहीत हे माहीत असते, आणि समितीपुढे त्या उमेदवाराची बाजूही तोच मांडतो. आपल्याकडच्या निवड समित्यांत चंद्रपूर-गडचिरोलीचे अर्ज वाचण्याची जबाबदारी असलेला असा कोणी नसतो. हुंड्याची रोवणी म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे असा एक सदस्य असला, तर त्या वहीचे वजन वेगळे पडेल.

मग मुलाखत काढूनच टाकावी का? नागभीडच्या अनुभवावरून तसे म्हणवत नाही. निव्वळ चाचणीच्या रांगेत नागपूरच्या शिकवणीवर्गाचा मुलगा पुढे असतो. सीयूईटी संगणकावर, झटपट पर्याय टिपण्याची, आणि तिच्या तयारीची बाजारपेठही उभी राहिली आहे. त्या वहीवाल्या मुलीला कुठे उभे राहायला जागा असेल तर ती मुलाखतीतच. म्हणजे जी खोली तिला घाबरवते तीच तिला तारू शकते. फरक पडतो तो सर्वांना तेच मुख्य प्रश्न विचारले जातात का, सदस्य आपापले गुण चर्चेआधी लिहून ठेवतात का आणि मुलाखतीचे वजन आधी जाहीर केलेले असते का, यांवर.

तयारी करून घेण्यातही एक घसरडी जागा आहे. समितीला संघर्ष आवडतो हे एव्हाना सगळ्यांना कळले आहे. त्यामुळे अर्जांतून गरिबीच्या कहाण्या येतात, एकमेकींसारख्या, एकाच मार्गदर्शकाच्या हातून सफाई झालेल्या. बापाचे कर्ज, आईची मजुरी, पावसात गळणारे घर हे सगळे खरे असते, पण ते जागा मिळवण्यासाठी मांडावे लागते. काही मुले हे लिहायला साफ नकार देतात. घरचे घरात राहू द्या, म्हणतात. अशा मुलाच्या अर्जात संघर्ष दिसत नाही आणि त्याचे गुण कापले जातात. चांगला मार्गदर्शक त्याला गरिबी लिहायला लावत नाही. काय सोसले याऐवजी काय केले ते लिहायला सांगतो. हा फरक समितीलाही कळतो, निदान जुन्या सदस्यांना.

निवड झाली म्हणजे प्रवेश झाला असे नाही. यादी लागल्यापासून शुल्काचा पहिला हप्ता भरायला थोडेच दिवस असतात, आणि याच काळात उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, जात वैधता यांसाठी तहसील आणि जात पडताळणी समितीच्या कार्यालयांत फेऱ्या सुरू असतात. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची रक्कम येते ती नंतर. 2018 च्या फेब्रुवारीत ‘टिस’च्या मुंबई, तुळजापूर, हैदराबाद, गुवाहाटी अशा सर्व आवारांत विद्यार्थ्यांचा संप झाला तो याच प्रश्नावर: शिष्यवृत्तीधारक अनुसूचित जाती-जमातींच्या आणि इतर मागास विद्यार्थ्यांना वसतिगृह आणि भोजनाचे पैसे आधी भरायला लावू नयेत. धान विकून पैसा हाती यायला दिवाळी उलटते, आणि प्रवेश असतात जूनच्या आसपास, म्हणजे बी-खतासाठी घरातला पैसा नेमका बाहेर जात असताना. काही गावांत बचतगट किंवा शिक्षक मंडळी मिळून पहिला हप्ता उभा करतात. जिथे तसे जमत नाही तिथे मुदत टळते. दुसरीकडे जागा मिळाली म्हणून सोडणारा आणि पैसे जमले नाहीत म्हणून सोडणारा, दोघांपुढे कार्यालयात ‘प्रवेश घेतला नाही’ अशी एकच नोंद होते आणि प्रतीक्षायादी पुढे सरकते. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा असेल तर आधीची निवड सहसा धरली जात नाही. चाचणीचे शुल्क, चाचणी, उद्देशपत्र आणि मुलाखत हे सगळे पहिल्यापासून करावे लागते.